खेळातलं त्सुशिमा, नकाशातलं त्सुशिमा

पत्र : माझं वय ३४. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ हा व्हिडिओ गेम मी दोनदा पूर्ण खेळलो. बाबांचं वय ६६. रात्री जेवणं झाली की ते शेजारच्या खुर्चीत येऊन बसायचे आणि घोडा कुठे न्यायचा ते मला सांगायचे. आता नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघं दहा दिवस जपानला जातोय. टोकियो आणि क्योटो ठरलंय. बाबा म्हणतात, ‘ते बेट खरंच आहे ना? मग तिथे जाऊ.’ प्रवास कंपनीचा माणूस म्हणतो, तिथे कोणी जात नाही, दिवस वाया जातील. खेळात दिसतं त्यातलं तिथे किती खरं आहे? किती दिवस ठेवावेत? गाडी चालवावी लागेल का? बाबांचे गुडघे दुखतात. ते मांस-मासे खात नाहीत, अंडं चालतं.
– एक वाचक, ठाणे

उत्तर :

जा. दहातले चार दिवस त्सुशिमासाठी काढा. तीन रात्री बेटावर आणि एक फुकुओकात, जिथून बेटाकडे बोट जाते. त्यासाठी टोकियो-क्योटोचे दिवस कमी करावे लागले तर खुशाल करा. भारतातून तिथे फार लोक जात नाहीत, हे प्रवास कंपनीचं म्हणणं खरं. पण कोणीच जात नाही, हे बरोबर नाही. २०१८ साली एकट्या दक्षिण कोरियातून चार लाखांच्या आसपास पर्यटक त्या बेटावर आले होते, कारण बुसानहून ते जेमतेम ५० किलोमीटरवर आहे.

एक गोष्ट मात्र बाबांशी निघण्याआधीच बोलून ठेवा, नाहीतर बोटीतून उतरल्यावर तासाभरात त्यांचा विरस होईल. सकर पंच या अमेरिकी स्टुडिओनं २०२० साली हा खेळ आणला, तेव्हा त्सुशिमाकडून गावांची नावं घेतली आणि ती दक्षिणेकडून उत्तरेकडे कशी येतात तो क्रम घेतला. देखावे मात्र सगळ्या जपानातून उचलले, काही मनानं रचले. म्हणून देखावे शोधायला गेलात तर हाती थोडं लागेल, नावं शोधत गेलात तर चार दिवस अपुरे पडतील. तुमचा सगळा बेत या एका फरकावर बसवा.

आधी नकाशा. खेळात दक्षिणेला इझुहारा, मधे तोयोतामा, उत्तरेला कामिआगाता असे तीन भाग आहेत. ही तिन्ही नावं खरी आहेत आणि त्याच क्रमानं आहेत. २००४ मध्ये बेटावरची सहा गावं एक करून त्सुशिमा शहर झालं, त्या सहांपैकीच ही तीन. कोमोदाचा किनारा, आझामो, सागो, इझुमी हीसुद्धा खरी ठिकाणं. पण अंतराचा हिशेब खेळातून घेऊ नका. खरं बेट उत्तर-दक्षिण ८२ किलोमीटर लांब आणि १८ किलोमीटर रुंद आहे, क्षेत्रफळ साधारण ७०० चौरस किलोमीटर. दक्षिणेच्या इझुहारापासून उत्तरेच्या हिताकात्सु बंदरापर्यंत ३८२ क्रमांकाच्या रस्त्यानं गाडीला दोन ते अडीच तास लागतात. घोड्यावरून काही मिनिटांत पार केलेलं हे अंतर आहे. ‘सकाळी दक्षिण, दुपारी उत्तर, संध्याकाळी परत’ असा बेत आखणारे पाच तास गाडीत काढतात आणि अंधारात परततात.

झाडांचंही तसंच. खेळातलं पिवळ्याधमक पानांचं जंगल बाबांच्या डोळ्यांसमोर असणार. खऱ्या त्सुशिमाचा ८९ टक्के भाग जंगलच आहे, पण ते बव्हंशी सदाहरित, गडद हिरवं. उत्तरेचं बर्फही शोधू नका. बेटाला वळसा घालून जाणाऱ्या उबदार सागरी प्रवाहामुळे बर्फ पडलं तरी खेळातल्यासारखे थर साचत नाहीत. अस्वलं बेटावर नाहीत. खेळात नसलेलं रानमांजर मात्र आहे, त्सुशिमा यामानेको. जपानात ते फक्त याच बेटावर आहे, संख्या शंभराच्या घरात. पिवळं झाड बघायचंच असेल तर कामित्सुशिमा भागातल्या किन गावी जा. तिथे एकच प्रचंड गिंको आहे, बुंध्याचा घेर १२ मीटरहून जास्त. लोक त्याचं वय १५०० वर्षं सांगतात. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात ते सोनेरी होतं. तुमची तारीख महिन्याच्या सुरुवातीची असेल तर हिरवंच दिसेल, पण बुंधा बघण्यासाठी तरी थांबा.

आता किल्ला. खेळातला कानेदा किल्ला म्हणजे उंच दरवाजे, लाकडी बुरूज, आत लढाई. खरा कानेदा त्याहून सहाशे वर्षं जुना आहे. ६६३ मध्ये कोरियात झालेल्या लढाईत जपानचा पराभव झाला, चीनच्या तांग साम्राज्याची फौज येईल अशी भीती बसली आणि ६६७ मध्ये आसो उपसागराच्या काठच्या जोयामा डोंगरावर तटबंदी उभी राहिली. बांधणी कोरियन पद्धतीची, डोंगराच्या अंगावर दगड रचत नेलेली. इमारत आज एकही नाही. पाण्यापासून वर चढत गेलेल्या भिंती आहेत आणि त्या बघण्यासारख्या आहेत. सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्या माणसाला तिथे पडझडीची खंत वाटणार नाही, भिंत डोंगराच्या वळणाला कशी धरून जाते हे लगेच कळेल. माथा २७५ मीटरच्या आसपास, वर जायला तासभर. वाटेचा बराच भाग जुना लष्करी रस्ता आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर तोफा नेण्यासाठी तो केला, म्हणून त्याचा चढ सौम्य आहे. बाबांना माथ्यापर्यंत नेण्याचा हट्ट धरू नका. याच रस्त्यानं वीस-पंचवीस मिनिटं चालून मागे फिरलात तरी उपसागर दिसतो. खाली पाण्याजवळच्या दरवाजांकडे उतरणारी वाट मात्र दगडधोंड्यांची आहे, ती गुडघ्यांना सोसणार नाही. बूट घोटा झाकणारे घाला आणि गवतात पाय टाकू नका. त्सुशिमात मामुशी जातीचा एक विषारी साप आहे, जो याच बेटावर सापडतो.

नकाशात शोधताना एक अडचण हमखास येते. हाच किल्ला कुठे कानेदा, कुठे कानाता-नो-की या नावानं येतो. वाताझुमि या मंदिराचंही वातात्सुमि होतं. त्यामुळे रोमन लिपीत शोधू नका. प्रत्येक ठिकाणाचं जपानी लिपीतलं नाव विकिपीडियावरून उतरवून घ्या, तेच नकाशात टाका आणि इंटरनेटशिवाय चालेल असा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. डोंगरात सिग्नल जातो. उत्तरेच्या टोकाला तर फोन पलीकडचं कोरियन नेटवर्क पकडतो, म्हणून रोमिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडण्याची सोय बंद करून जपानी कंपनी स्वतः निवडा. दुसरी चूक याहून महागात पडते. नागोयाजवळच्या आइची प्रांतात त्सुशिमा नावाचं वेगळं शहर आहे. लिपीत फरक आहे, रोमन स्पेलिंग एकच. हॉटेलचे पैसे भरण्याआधी पत्त्यात ‘नागासाकी’ आहे का ते बघा.

कोमोदाला सर्वांत जास्त वेळ द्या.

खेळ इथूनच सुरू होतो. पुळणीवर ऐंशी सामुराई, समोर समुद्रभर जहाजं. हा आकडा खेळानं हवेतून काढलेला नाही. १२७४ च्या दहाव्या चांद्रमासाच्या पाचव्या दिवशी, म्हणजे आपल्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मंगोल सम्राट कुबलाई खानाचं आरमार या किनाऱ्याला लागलं. बेटाचा कारभार पाहणारा सो सुकेकुनी ऐंशी-एक घोडेस्वार घेऊन इझुहाराहून डोंगर ओलांडून आला आणि सगळ्यांसह मारला गेला. परंपरेनं त्याचं वय ६८ सांगतात. खेळातला तरुण नायक जिन साकाई काल्पनिक, त्याचा काका शिमुरा काल्पनिक, मंगोल सेनापती खोतुन खानही काल्पनिक. सो घराणं खेळात नाही. आलेल्या फौजेत मंगोलांबरोबर चिनी होते आणि कोरियातल्या गोर्यो राज्याचे सैनिक-खलाशीही होते. ही गोष्ट खेळ गाळतो. हे सगळं बाबांना तिथे उभं राहून सांगण्यापेक्षा आदल्या रात्री सांगा. इतक्या रात्री ज्या गोष्टीत जीव गुंतला ती तशी घडली नाही, आणि घडली ती एका सकाळीच संपली, हे पचायला एक रात्र लागते.

प्रत्यक्षात किनारा छोटा आहे. लाटा अडवायला काँक्रीटचे बांध आहेत, मागे वस्ती आणि भातशेती. खेळातल्यासारखी लांबच लांब पुळण नाही. कोमोदाहामा नावाचं शिंतो मंदिर पाण्यालगतच आहे, सुकेकुनी आणि त्याच्या माणसांसाठी बांधलेलं. परंपरा सांगते की सुकेकुनीचं शिर आणि धड वेगवेगळ्या जागी पुरलं, आणि आसपास त्या दोन्ही जागांवर उंचवटे आहेत. स्थानिक लोक त्यांची निगा राखतात. नोव्हेंबरमध्ये, सहसा दुसऱ्या रविवारी, मंदिराचा उत्सव असतो. चिलखत घातलेली माणसं मिरवणुकीनं किनाऱ्यावर येतात आणि समुद्राकडे तोंड करून बाण न लावता धनुष्याची दोरी ओढून सोडतात. तुमची तारीख त्याला जुळत असेल तर बाकीचा प्रवास हलवा, पण हा दिवस धरा. इझुहारातल्या पर्यटन माहिती केंद्राला महिनाभर आधी ईमेल करून त्या वर्षीची तारीख विचारा. उत्सव जुळला नाही तर संध्याकाळी जा. किनारा पश्चिमेकडे आहे आणि नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो. साडेचारला पोचा, साडेपाचला निघा. इझुहारा गाडीनं अर्ध्या तासावर आहे.

कोमोदाच्या थोडं दक्षिणेला शिइने हे गाव आहे. फार लोक तिथे वळत नाहीत, तुम्ही वळा. खेळात वारा वाट दाखवतो, तो वारा इथे घरांच्या छपरांत दिसतो. गावात दगडी छपरांच्या जुन्या लाकडी कोठ्या आहेत. जमिनीपासून उचललेल्या, वर जाड, सपाट शिळा ठेवलेल्या. पश्चिम किनाऱ्यावर हिवाळ्यात वायव्येचा वारा एवढा जोरात येतो की गवती छप्पर टिकत नाही, आणि शेतकऱ्यांना कौलं वापरायची परवानगी नव्हती. मग त्यांनी बेटावरच मिळणाऱ्या पाषाणाच्या शिळा वर चढवल्या. आगीत धान्य जाऊ नये म्हणून कोठ्या घरांपासून लांब. पंधरा मिनिटांत बघून होतं, चढ नाही, बाबांना सोयीचं.

आता वाताझुमि मंदिराबद्दल, कारण खेळाच्या चाहत्यांच्या प्रत्येक यादीत ते वर असतं. समुद्रातून येणाऱ्या तोरी कमानींची रांग, भरतीला पाणी पार मंदिरापर्यंत. २०२० च्या सप्टेंबरात वादळानं इथली एक तोरी पाडली. ती उभारायला मंदिरानं ५० लाख येनचं आवाहन केलं, आणि खेळ खेळलेल्या लोकांच्या हातभारानं २ कोटी ७० लाखांहून जास्त येन जमले. २०२१ मध्ये तोरी पुन्हा उभी राहिली. त्याच वर्षी खेळाच्या दोन दिग्दर्शकांना, नेट फॉक्स आणि जेसन कॉनेल यांना, त्सुशिमाचे पर्यटन-दूत नेमलं गेलं. एखाद्या खेळानं ठिकाणाचं थेट भलं केल्याची याहून स्वच्छ उदाहरणं थोडी सापडतील. पण पुढेही वाचा. पर्यटकांच्या बेअदबीला कंटाळून २०२५ मध्ये मंदिरानं जाहीर केलं की दर्शनाला येणाऱ्यांखेरीज इतरांना प्रवेश नाही, फोटो-चित्रीकरण नाही. तुम्ही जाल तेव्हाचा नियम काय आहे ते माहिती केंद्रात विचारा आणि तो अक्षरशः पाळा. प्रवेश मिळाला तर देवळात जातो तसे जा, कॅमेरा गाडीत ठेवा. मिळाला नाही तर दारापाशी हुज्जत नको. तिथून वर काही किलोमीटरवर एबोशिदाके हा १७६ मीटर उंचीचा डोंगर आहे. गाडी जवळपास वरपर्यंत जाते, शेवटी थोड्या पायऱ्या. वरून आसो उपसागराची बेटं आणि फाटे चहूबाजूंनी दिसतात. माझ्या मते अख्ख्या त्सुशिमात खेळाच्या सर्वांत जवळ जाणारं दृश्य हेच. सकाळी नऊच्या आत जा, ऊन वर आलं की पाण्यावर धुरकट होतं.

जायचं कसं? फुकुओकाच्या हाकाता बंदरातून जेटफॉइल नावाची वेगवान बोट इझुहाराला सव्वादोन तासांत पोचते. मोठी फेरी पावणेपाच तासांच्या आसपास घेते. विमान फुकुओकाहून अर्ध्या तासाचं. बुसानहून हिताकात्सु दीड तासावर आहे हे वाचून तो मार्ग धरू नका, त्यासाठी कोरियाचा वेगळा व्हिसा लागेल. जेटफॉइल पाण्यावर उचलून धावते, लाटा उंच असल्या की ती रद्द होते, आणि नोव्हेंबरात हे होतं. फेरी त्याहून जास्त तग धरते. म्हणून दोन नियम. जाताना जेटफॉइल, पण परतीच्या दिवशी टोकियोचं विमान किंवा मुंबईचं उड्डाण ठेवू नका, फुकुओकाची ती एक रात्र यासाठीच. आणि आदल्या संध्याकाळी बोट कंपनीच्या संकेतस्थळावर उद्याची सूचना वाचा, तीत शंका असेल तर लगेच फेरीची जागा विचारा. जेटफॉइलमध्ये पट्टा बांधून बसावं लागतं, डेकवर जाता येत नाही. बाबांना बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा तास.

गाडी लागेलच. बस आहे, इझुहारा ते हिताकात्सु जाते, पण दिवसातून मोजक्या फेऱ्या, आणि तुम्हाला हव्या त्या किनाऱ्यांवर ती नेणार नाही. भारतातल्या परवान्यावर आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, जपान तो मानतो. सारथी पोर्टलवर फॉर्म ४-अ, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष, काम आरटीओत. पुस्तिकेवर १९४९ च्या जिनिव्हा कराराचा उल्लेख आहे ना ते हातात घेतल्यावर तपासा, जपानला तोच चालतो. झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो दाखवून गाडी मिळत नाही. मूळ पुस्तिका, मूळ भारतीय परवाना आणि पासपोर्ट, तिन्ही लागतात. निघण्याआधी महिनाभर अर्ज करा.

गाडी सर्वांत लहान घ्या, पिवळ्या पाटीची, ६६० सीसीची. मोठ्या गाडीचा मोह टाळा. मुख्य रस्ता दुपदरी आणि चांगला आहे, पण कानेदा किंवा किनकडचे फाटे एकाच गाडीपुरते असतात आणि समोरून कोणी आलं तर तुम्हालाच मागे जावं लागतं. कोकणातल्या आडरस्त्यांवर गाडी चालवली असेल तर जमेल. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. गाडीतल्या जपानी नकाशायंत्रात नाव टाकत बसू नका, ठिकाणाचा फोन नंबर टाका, ते लगेच ओळखतं. टाकी अर्धी झाली की भरा. पंप संध्याकाळी लवकर बंद होतात आणि रविवारी काही उघडतच नाहीत. अंधार पडल्यावर गाडी हळू. रानडुकरं आणि हरणं रस्त्यावर येतात, आणि रानमांजरं गाड्यांखाली मरतात म्हणून जागोजागी मांजराचं चित्र असलेल्या पाट्या आहेत. शंभरातलं एक कमी होणं काय असतं ते त्या पाट्या बघून समजतं. सागोमध्ये वन्यजीव संवर्धन केंद्र आहे, उत्तरेला जाताना तिथे थांबा. ड्रोन घरी ठेवा. १०० ग्रॅम किंवा त्याहून जड ड्रोनची जपानमध्ये नोंदणी लागते आणि बेटावर सैन्याचे तळ आहेत.

बाबांच्या जेवणाकडे वेगळं लक्ष लागेल. टोकियोत शाकाहारी मिळतं, त्सुशिमात ते गृहीत धरू नका. मासा दिसत नसला तरी असतो. जवळपास प्रत्येक रसात, आमटीत, भाजीच्या पाण्यात दाशी नावाचा अर्क असतो, आणि तो सहसा सुक्या माशाचा. रताळ्याच्या पिठाचे रोकुबे हे इथले शेवयांसारखे नूडल्स बाबांना आवडतील असे, पण त्यांचा रस्सा मासा किंवा कोंबडीचा. त्सुशिमाच्या सोबाचंही, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या नूडल्सचंही, तेच. गार सोबा नुसता मागवा, सोबत येणारा बुडवून खायचा रस बाजूला ठेवा आणि साध्या सोया सॉसबरोबर खा. टोफूवर माशाचा किस घालून आणतात, मागवतानाच नको म्हणा. पाठ करायचं वाक्य, ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशी मो दामे देस’, म्हणजे मांस-मासे खात नाही, दाशीही चालत नाही. तेच वाक्य जपानी लिपीत छापून खिशात ठेवा, बोललेलं घाईत निसटतं. मुक्काम घरगुती मिनशुकुत असेल तर राखीव करतानाच कळवा. तिथे रात्रीचं जेवण म्हणजे बहुधा मासेच असतात, आयत्या वेळी मालकिणीकडे दुसरं काही नसतं. मी तुमच्या जागी असतो तर इझुहारात साधं हॉटेल घेऊन रात्रीचं जेवण वगळलं असतं. शहरात सुपरमार्केट आहे. भात, दही, फळं, उकडलेली अंडी, उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेला भाताचा गोळा सहज मिळतो. घरून गरम पाण्यात होणारा उपमा आणि पोहे, मेतकूट, खाकरे तीन दिवसांचे न्या. गोड हवं असेल तर कासुमाकि, अंड्याच्या मऊ केकमध्ये गुंडाळलेलं घेवड्याचं गोड सारण. बाबांना चालेल. रोख येन बाळगा, छोट्या दुकानांत कार्ड घेतीलच असं नाही. टपाल कार्यालयातल्या एटीएमवर परदेशी कार्ड चालतं.

दिवस असे लावा. पहिल्या दिवशी सकाळची जेटफॉइल, दुपारी इझुहारा पायी. तिथलं त्सुशिमा संग्रहालय २०२२ मध्ये उघडलं, सो घराण्याचे कागदपत्र तिथे आहेत. आधी ते पाहिलंत की पुढच्या दोन दिवसांतली नावं ओळखीची वाटतात. जवळच बानशोइन, सो घराण्याच्या समाधींचं मंदिर. समाधींकडे १३२ दगडी पायऱ्या आहेत, बाबा खाली थांबले तर तुम्ही एकटे वर जाऊन या. गल्ल्यांमधून आगीपासून बचावासाठी बांधलेल्या उंच दगडी भिंती दिसतील. दुसरा दिवस पहाटे एबोशिदाके, नंतर वाताझुमिचा नियम असेल तसं, दुपारी कानेदाचा रस्ता झेपेल तेवढा, संध्याकाळी कोमोदा. शिइने वाटेत. तिसरा दिवस उत्तरेचा. किनचं झाड, सागो, आणि टोकाला वानिउराजवळची कोरियन धाटणीची निरीक्षण-इमारत, जिथून हवा स्वच्छ असेल तर बुसान दिसतं. त्या दिवशी परत इझुहाराला येऊ नका, हिताकात्सुतच मुक्काम करा आणि तिथूनच फेरी घ्या. गाडी एका बंदरात घेऊन दुसऱ्यात सोडता येते का ते गाडी राखून ठेवतानाच विचारा. जमत नसेल तर उत्तर अर्ध्यावर सोडून सागोहून मागे फिरा.

इकी बेट यावेळी सोडा. खेळाच्या वाढीव आवृत्तीत ते आहे आणि जेटफॉइल तिथे थांबते, पण चार दिवसांत दोन बेटं म्हणजे दोन्हींची धावपळ.

निघण्याआधी खेळ पुन्हा पूर्ण खेळू नका, वेळ जाईल आणि देखावेच डोक्यात बसतील. फक्त सुरुवातीची कोमोदाची लढाई बाबांसोबत एकदा बघा, मग खेळातला नकाशा उघडून दोघं मिळून वहीत गावांची नावं उतरवा. प्रत्येक नावापुढे जपानी लिपी, फोन नंबर, आणि तिथे खरोखर काय आहे त्याची एक ओळ. घोडा कुठे न्यायचा ते बाबा सांगायचे, तसा या वेळचा क्रमही त्यांनाच ठरवू द्या.

आणि फुकुओकाची ती शेवटची रात्र बोटीनं वेळेवर पोचवलं तर रिकामी जाऊ देऊ नका. त्सुशिमा आणि इकी पडल्यावर ते आरमार हाकात्याला आलं आणि माघारी गेलं. पुन्हा येईल म्हणून जपाननं १२७६ मध्ये हाकाता उपसागराच्या काठानं जवळजवळ २० किलोमीटर दगडी भिंत बांधली, आणि १२८१ मध्ये ते खरंच आलं. भिंतीचे तुकडे अजून आहेत. सर्वांत सोपा निशिजिनचा. भुयारी रेल्वेच्या निशिजिन स्थानकावर उतरून समुद्राच्या दिशेनं दहा-पंधरा मिनिटं चाललं की विद्यापीठाच्या परिसरात तो लागतो. वाट सपाट आहे, पायऱ्या नाहीत.